कावीळ नव्हती, दारू होती

कंडक्टरने मला अर्धं तिकीट दिलं तेव्हा मी चौतीस वर्षांचा होतो.

रेवदंड्याहून अलिबागला जाणारी एसटी. मी खिडकीशी, शेजारी माझी बायको सुजाता, मागच्या सीटवर आई. कंडक्टर वयाने माझ्याएवढाच असेल. मशीन घेऊन आला, माझ्याकडे एकदा नीट बघितलं आणि आवाज मऊ करून म्हणाला, “बाबा, कार्ड आणलंय ना? राहू द्या, काढू नका, दिसतंय.” आणि म्हाताऱ्यांची सवलत लावून तिकीट माझ्या हातात ठेवलं. सुजाताला म्हणाला, “ताई, उतरताना वडलांना धरा हां. पायरी उंच आहे.”

एरवी मी भांडणारा माणूस. तलाठ्याशी भांडलोय, खात्याच्या साहेबांशी भांडलोय, एकदा पुढाऱ्याच्या गाडीपुढे आडवा झालोय. त्या दिवशी तिकीट मुठीत धरून गप्प बसलो. काचेत एक म्हातारा दिसत होता. केस पांढरे, गालफडं आत, डोळे पिवळे, मानेची कातडी सैल, हातापायांच्या काड्या आणि पोट मात्र दिवस भरलेल्या बाईसारखं.

तुम्हाला दया यावी म्हणून हे लिहीत नाही. दया फार मिळाली, तिचा काही उपयोग झाला नाही. तुमच्या आळीत, नाक्यावर, कदाचित तुमच्याच ओटीवर असा एखादा तरुण म्हातारा बसलेला असेल. त्याला किंवा त्याच्या आईला हे वाचून दाखवा. माझं म्हणणं तेवढंच.

पत्रकवाला

आमचं गाव चौलच्या पलीकडे, खाडीच्या अंगाला. भरतीचं पाणी शेतात येऊ नये म्हणून जुन्या लोकांनी मातीचे बांध घातलेत. ते फुटतात, खारं पाणी भातात शिरतं, पुढची काही वर्षं जमीन मेलेली. बाविसाव्या वर्षापासून मी त्यावर पत्रकं काढतोय. एकच पान, अडाणी म्हातारीला वाचून दाखवलं तरी कळेल अशी भाषा, आणि शेवटी जाड अक्षरात सवाल: साहेब, बांध कधी? सरळ उत्तर द्या!

पिणं याच कामातून लागलं, असं मी पूर्वी सांगायचो. खोटं. पिणं मला आवडलं म्हणून लागलं. मोर्चा जिंकला की ‘बसायचं’, फसला की जरा जास्त बसायचं. आधी संध्याकाळी. मग दुपारच्या जेवणाआधी. शेवटच्या वर्षात दात घासायच्या आधी, कारण त्याशिवाय ब्रश हातात ठरत नव्हता. शाळेजवळच्या दारूच्या दुकानाविरुद्ध मी एक पत्रक काढलं होतं. ते मी पिऊन लिहिलं. दुकान तिथून हललं. लोक अजून म्हणतात, “दिनेश, तुझं ते पत्रक सगळ्यात भारी.”

म्हातारपण एका दिवसात आलं नाही. ते हप्त्याहप्त्याने आलं आणि प्रत्येक हप्त्याला माझ्याकडे कारण तयार होतं. हात थरथरतो? जागरण. मांडीवर काळेनिळे डाग? मोटारसायकल लागली असेल. हिरड्यांतून रक्त? पेस्ट बदलली. माणसांची नावं आठवत नाहीत? किती माणसं भेटतात रोज! शर्ट खांद्यावरून ओघळायला लागला तर म्हटलं, शिंप्याने बिघडवला. माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, बासष्टाव्या वर्षी अजून सुपारीच्या झाडावर चढतात. मला बांधावर चढताना सुजाताचा हात धरावा लागायचा. सभेच्या फ्लेक्सवर पोरं माझा पाच वर्षांपूर्वीचा फोटो छापायची. विचारलं तर म्हणायची, “दादा, तो जरा बरा येतो.”

मला कळत नव्हतं असं समजू नका. मला सगळं कळत होतं. मला बंद करायचं नव्हतं.

सभ्य आजार

एका सकाळी आईने माझं तोंड उजेडाकडे वळवलं, डोळ्याची खालची पापणी ओढली आणि म्हणाली, “पिवळं पडलंय रे. कावीळ हाय.”

तिच्या आवाजात काळजी होती, पण त्या काळजीच्या खाली सुटका होती. कारण कावीळ हा सभ्य आजार. पाण्यातून होतो, कोणालाही होतो, देवमाणसालाही होतो. कावीळवाल्याला बघायला लोक येतात, ऊस आणतात, उशाशी बसतात. दारूवाल्याच्या दारावरून लोक मान फिरवून जातात.

दुपारपर्यंत सगळ्या आळीला कळलं. दहा वर्षं माझ्या पिण्याबद्दल कुजबुजणारेसुद्धा पायरीवर बसून सांगून गेले, “पाणी उकळून पीत जा रे, दिन्या.” उकळून! माझ्या पोटात पाणी जात होतंच कुठे!

सुजाता आमच्या गावची आशा सेविका. कोणाला ताप, कोणाला दिवस गेलेत, कोणाची गोळी चुकली, सगळं तिला आधी कळतं. ती दारात उभी राहून म्हणाली, “आई, ही साधी कावीळ नाही. हे दारूचं आहे. अलिबागला नेऊ या.”

“तू तुझी रजिस्टरं भर गो,” आई म्हणाली. “माझ्या पोराला नाव ठेवू नको.”

सुजाताने माझ्याकडे बघितलं. मी, साहेबांना सरळ उत्तर मागणारा माणूस, भिंतीकडे तोंड करून पडलो.

मग माळ आली. आमच्याकडे काविळीला माळ घालतात. एका झाडाच्या काडीचे बारीक तुकडे दोऱ्यात बांधून घट्ट कडं करतात आणि ते डोक्यावर ठेवतात. दिवसागणिक ती माळ वाढत जाते, गळ्यात उतरते, मग छातीवर, मग कमरेवर. पायातून बाहेर पडली की कावीळ उतरली. डोंगराकडच्या वाडीत नाना म्हणून एक म्हातारे आहेत, ते ही माळ देतात. घेत काही नाहीत, फक्त एक नारळ.

माळ ठेवताना नानांनी माझ्या श्वासाचा वास घेतला. विचारलं, “पोरा, पितोस काय?”

“न्हाय, नाना.”

“बघ हां. पीत असशील तर ही घालू नको. ती कावीळ वेगळी, माझ्या हातातली न्हाय. सरळ डॉक्टरकडं जा.”

“न्हाय हो, नाना. शप्पत.”

आता लोकांना वाटतं, मी नानांविरुद्ध पत्रक काढीन. का काढू? त्या म्हाताऱ्याने मला योग्य प्रश्न विचारला होता. खोटं मी बोललो.

घरी पथ्य सुरू झालं. तेल बंद, हळद बंद, मासे बंद, अंडी बंद. भात, ताक आणि उसाचा रस. आईने इतक्या मायेने पथ्य सांभाळलं की घरात कोणीच मासे खाल्ले नाहीत. आणि त्या दिवसांत मी पीत होतो का? होतो. राजू, माझा बालपणापासूनचा दोस्त, खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत भरून आणायचा. आई ती बाटली हलवून झाकण उघडून द्यायची. म्हणायची, “घे, खोकला बरा झाला की अंगात ताकद येईल.”

माळ भराभर उतरली. चार दिवसांत गळ्यात, दहा दिवसांत खांद्यांवरून छातीत. आई आळीत सांगत सुटली. त्या संध्याकाळी सुजाता माझ्या पाठीला तेल लावत होती. ती हळू म्हणाली, “माळ वाढली म्हणून उतरत नाहीये. तुमचे खांदे गेलेत.”

त्यानंतर पोट फुगलं, पाय सुजले, आणि एका सकाळी मला आप्पांचं नाव आठवेना. माझ्या बापाचं नाव! सुजाताने कोणाला विचारलं नाही. पिशवी भरली, मला चपला घातल्या आणि म्हणाली, “साडेनऊची गाडी आहे.” आई रडत मागून आली. तीच ती गाडी, ज्यात मला अर्धं तिकीट मिळालं.

सरळ उत्तर द्या

डॉक्टरीणबाई माझ्याहून लहान असतील. पोट दाबून बघितलं, हाताचे तळवे बघितले, दोन्ही हात पुढे करायला लावले. ते पानासारखे हलत होते.

“किती पिता?”

आई पुढे सरसावली. “पीत न्हाय तो, मॅडम. कावीळ हाय. माळ घातलीय, उतरत आलीय.”

“तुम्ही सांगा,” त्या मला म्हणाल्या.

“अधूनमधून,” मी म्हटलं. “कार्यक्रम वगैरे असला की.”

आणि मला माझाच आवाज ऐकू आला. हुबेहूब त्या साहेबांचा आवाज. ‘बघतो’, ‘प्रक्रियेत आहे’, ‘निधी आला की’. बारा वर्षं ज्याची मी पत्रकातून सालं काढली, तोच माझ्या तोंडातून बोलत होता.

सुजाता म्हणाली, “रोज. उठल्यापासून. शेवटची काल दुपारी, खोकल्याच्या बाटलीतून.”

“सुजे!” आई ओरडली. “नवऱ्याची अब्रू अशी...”

“ओरडू नका,” डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या. “यांनी सांगितलं ते बरं झालं. रोज पिणाऱ्याची दारू इथं आल्यावर एकदम तुटते. मला कळलं नसतं तर उद्या-परवा यांना फिट आली असती आणि आम्ही भलतीकडे कारण शोधत बसलो असतो.”

हे वाक्य मी जाड अक्षरात छापायला हवं. रोज पिणाऱ्याने घरच्या घरी झटक्यात बंद करून मर्दुमकी दाखवू नये. जीव जातो. बंद करायचीच, पण डॉक्टरच्या नजरेखाली.

तपासण्या झाल्या. कागद आले. त्या खुर्ची ओढून माझ्यासमोर बसल्या.

“तुमचं वय चौतीस. हे तुमच्या लिव्हरला माहीत नाही, हाडांना माहीत नाही, दंडाच्या मांसाला माहीत नाही. ते सगळे साठीपलीकडे गेलेत. दारू एकटं लिव्हर खात नाही. ती सगळ्या अंगावर वय चढवते.”

“उतरतं का ते?” मी विचारलं.

“सगळं नाही. बरंच. लिव्हर कडक व्हायला लागलंय, पण अजून दगड झालेलं नाही. सहा महिने एक थेंब नाही, मग आपण बोलू. एक थेंब म्हणजे बियर, ताडी, वाइन, खोकल्याची बाटली, सगळं धरून.”

“आणि घेतली तर?”

“तर सहा महिन्यांनी मी इथं असेन. तुमचं सांगता येत नाही.”

मग त्यांनी आईला विचारलं, घरी काय खायला देता. आईने अभिमानाने पथ्य सांगितलं. ऐकता ऐकता डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. “आई, यांना अंडी हवीत, मासे हवेत, डाळ हवी. मीठ तेवढं बंद. खायला मिळालं नाही म्हणून यांचं शरीर स्वतःचंच मांस खातंय.”

आईने पदर तोंडावर घेतला. “म्हणजे मी उपाशी ठेवला व्हय त्याला?”

“तुम्हाला कोणी खरं सांगितलं नव्हतं,” त्या म्हणाल्या. सांगताना माझ्याकडे बघत होत्या.

नर्सने कात्री आणली आणि माळ कापून टाकली.

पलंग नंबर अकरा

पहिले आठ दिवस कसे गेले हे मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. अंगातून पाणी निथळायचं. भर दुपारी, लख्ख उजेडात, समोरच्या भिंतीवरून चिंबोऱ्या चालताना दिसायच्या. नांग्या वर करून, रांगेने, शिस्तीत, आमच्या मोर्चापेक्षा शिस्तीत. मी सुजाताला सांगायचो, झाडू आण. ती म्हणायची, “आणते हां,” आणि माझं मनगट धरून बसायची. औषधं चालू होती म्हणून एवढ्यावर निभावलं. पोटातलं पाणी सुईने काढलं. भीती कसली होती सांगू? मरायची नव्हती. मी बरा होईन आणि पुन्हा तोच होईन, याची होती.

शेजारच्या पलंगावर मुरुडचे इस्माईलचाचा होते. आयुष्य होडीवर गेलेलं, आता साखरेने पाय चिघळलेला. एकाहत्तर वर्षांचे, आणि दात सगळे स्वतःचे. तिसऱ्या दिवशी मी शुद्धीवर होतो तेव्हा त्यांनी विचारलं, “बडे मियाँ, उमर काय तुमची?”

“चौतीस.”

त्यांनी मला वरून खालपर्यंत बघितलं. मग म्हणाले, “अल्ला! मग मी तुमचा नातू.”

माझ्या पोटाला हसताना दुखलं. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा न पिता हसलो होतो. त्यांची मुलगी रोज त्यांच्यासाठी डबा आणायची. मला मीठ बंद आहे कळल्यावर दुसऱ्या दिवसापासून एका छोट्या डब्यात माझ्यासाठी बिनमिठाचा मासा यायला लागला, वर लिंबू पिळलेला. खाडीकाठच्या माणसाला अळणी मासा म्हणजे शिक्षाच. पहिला घास घशाखाली गेला आणि मी रडलो. चाचा दुसरीकडे बघत म्हणाले, “इतका वाईट बनवते काय आमची पोरगी?”

त्याच पलंगावर पडून मी मनात एक यादी केली. आमच्या आळीतला टेम्पोवाला, चाळिशीही न गाठता गेला, कशाने? कावीळ. त्याच्या मागच्या घरातला ढोलकी वाजवणारा, पोटाचा त्रास. माझ्या वर्गातला, कबड्डीत ज्याला तिघांना मिळूनही पाडता यायचं नाही तो, झटका. सगळ्यांचे फ्लेक्स लागले होते, गुबगुबीत गालांचे जुने फोटो, खाली ‘अल्पशा आजाराने’. अल्पशा! दहा-दहा वर्षं घोट घोट चाललेला आजार अल्पसा?

आमच्या गावात दारूने आजवर कोणी मेलेलंच नाही. बाटल्या रिकाम्या होतात, बायका रिकाम्या होतात, पोरं पोरकी होतात, आणि दारूच्या नावावर एक मढं नाही. दुकानदाराने नाही लपवलं, सरकारने नाही लपवलं. आम्हीच लपवलं. मायेने लपवलं.

दोन घोट

तीन आठवड्यांनी घरी आलो. डोळ्यांचा पिवळेपणा कमी झाला होता. आई आळीत सांगत होती, “उतरली. कावीळ उतरली माझ्या दिन्याची.” लोकांनी पेढे खाल्ले. मी गप्प. मला वाटलं, थेंब घ्यायचा नाही एवढंच तर आहे, नाव कशाला काढायचं?

त्या गप्प बसण्याची किंमत दीड महिन्याने कळली. राजूच्या भावाची हळद होती. आमच्याकडे हळद म्हणजे काय ते इथल्या माणसाला सांगायला नको. नवरदेवाला हळद लागते आणि बाकी सगळ्यांना दारू. नाही म्हणणारा माणूस म्हणजे रुसलेला माणूस, मांडवाचा अपमान.

“घे ना रे,” राजूने ग्लास पुढे केला. “कावीळ उतरली ना तुझी? आता काय?”

खरंच, आता काय? कावीळ उतरली होती. गावाच्या दृष्टीने मी बरा माणूस होतो. नाही म्हणायला माझ्याकडे शब्दच नव्हता, कारण तो शब्द मी कधी उच्चारलाच नव्हता.

“पोटाला त्रास होतो,” मी म्हटलं.

“बियर हाय रे येड्या, बियर म्हणजे काय दारू?”

सगळे हसले. मीही हसलो. आणि दोन घोट घेतले.

ग्लास खाली ठेवला. चव कशी लागली ते लिहिणार नाही. छान लागली, आणि म्हणूनच लिहिणार नाही. मांडवातून उठून तसाच घरी आलो. सुजाता अंगणात बसून लसीकरणाची यादी करत होती. तिच्यापुढे उभं राहून सांगितलं. दोन घोट. बियर. राजूच्या मांडवात.

तिचं पेन थांबलं. मला वाटलं, आता ही माहेरी जाणार. तसं तिने आधी एकदा केलंही होतं. तिने यादी मिटली.

“सहा महिने आजपासून पुन्हा धरा,” ती म्हणाली. “मला सांगितलंत ते बरं केलंत. आता त्यांना सांगा.”

“कोणाला?”

“ज्यांनी पेढे खाल्ले त्यांना.”

शेवटी मीच विषय

पत्रक लिहायला मला चार दिवस लागले. एरवी तासात होतं. न पिता लिहिलेलं पहिलं पत्रक. सुरुवात अशी होती: *मला कावीळ झाली नव्हती. मी रोज दारू प्यायचो, तिने माझं लिव्हर गेलं. नाना, आई, गावकरी, सगळ्यांशी मी खोटं बोललो. डॉक्टर म्हणतात, एक थेंब घेतला तर मरशील. म्हणून मला देऊ नका. आग्रह करायचा असेल तर जेवणाचा करा.* खाली माझं नाव आणि फोटो. आताचा फोटो. पोरं म्हणाली, “दादा, जुना लावू या.” मी म्हटलं, “लावाल तर हात तोडीन.”

बाजाराच्या दिवशी रेवदंड्याला उभं राहून मी ते स्वतः वाटलं. काहींनी वाचून घडी घातली. काहींनी त्यात सुकट बांधली. एक म्हातारा म्हणाला, “बांधावरचं कधी काढतोस?” राजू तणतणत आला. “माझं नाव घातलंस काय रे?”

“न्हाय.”

“मग ठीक हाय.” जायला वळला. मग आवाज खाली आणून म्हणाला, “दिन्या, न घेता झोप लागते काय?”

“सुरुवातीला न्हाय लागत. मग लागते.”

“हं,” म्हणाला आणि गेला.

वादळ घरात झालं. आईने पत्रक आप्पांकडून वाचून घेतलं. दुसऱ्यांदा वाचून घेतलं. मग माझ्यासमोर येऊन म्हणाली, “चार माणसांत मी तोंड कसं दाखवू? तुला झाकायला मी काय काय बोलले, आणि तू छापून वाटलंस?” त्यानंतर अकरा दिवस ती माझ्याशी बोलली नाही. अंडी उकडून द्यायची, अळणी मासा द्यायची, पण ताट असं आपटायची की मासा उडी मारेल. आप्पा एवढंच म्हणाले, “राग तुझा न्हाय रे. ती बाटलीचं झाकण तिनं स्वतःच्या हातानं उघडून दिलंय. ते तिला गिळत न्हाय.”

 मी तिचा गुन्हेगार होतो. मी रोज सकाळी चालायला लागलो. आधी विहिरीपर्यंत, मग देवळापर्यंत, मग बांधापर्यंत. पाय परत यायला लागले. मग नावं. टेम्पोवाल्याच्या थोरल्या मुलीचं नाव एके दिवशी आपोआप आठवलं आणि मी रस्त्यात तिला मोठ्याने हाक मारली, तिला काही कळेना. चौथ्या महिन्यात हाताची थरथर गेली. हळदीच्या मांडवातून दोनदा हात जोडून परत आलो. त्यानंतर कोणी ग्लास पुढे केला नाही. एकाने तर माझ्यासाठी कोकमाचं सरबत ठेवलं होतं, लाजत लाजत.

सहा महिने पुरे झाले. दोन घोटांनंतरचे, पूर्ण सहा. डॉक्टरीणबाईंनी कागद पुढे-मागे करून बघितले. “डाग राहतील,” त्या म्हणाल्या. “लिव्हर पहिल्यासारखं होणार नाही, जपावं लागेल जन्मभर. पण तुम्ही मागे फिरलायत. दिसतंय.” मग हसून म्हणाल्या, “केस मात्र पांढरे झाले ते झाले.”

आईचं उत्तर

त्यानंतरच्या आठवड्यातली गोष्ट. भर दुपारी शेजारच्या वाडीतली एक बाई आमच्या अंगणात आली. कमळाकाकू म्हणू या तिला. आई ओटीवर मासे साफ करत होती. मी आत दाराच्या आड पत्रकाचे कागद लावत होतो. बाहेर रस्त्यावर एक रिक्षा उभी होती.

“पुष्पाबाय,” कमळाकाकू म्हणाली, “नानांची माळ कुठं मिळते गो? माझ्या पोराला कावीळ झालीय. तुझ्या दिन्याची उतरली ना माळेनं, म्हणून आले.”

मी उठणार होतो. जिभेवर सगळं तयार होतं. सुजाताने आतूनच हात करून मला बसवलं.

आईचा कोयता थांबला.  कमळाकाकूला पत्रक वाचायला येत नव्हतं, तिला खोटं सांगून वाटेला लावणं सोपं होतं. नानांच्या वाडीचं नाव सांगितलं की झालं असतं.

“पितो काय तुझा?” आईने विचारलं.

“न्हाय गो, तसं काय न्हाय. कधी कुठं पोरांबरोबर...”

“माझा पण न्हवता पीत,” आई म्हणाली. “पोटात पाणी झालं, बापाचं नाव विसरला, तरी न्हवता पीत.”

कमळाकाकूने मान वळवून रिक्षाकडे बघितलं.

“कावीळ न्हवती ती, कमळे. दारूनं झालेलं. मी जगाला खोटं सांगितलं, डॉक्टरलाबी सांगितलं. मी ह्या हातानं त्याला उपाशी ठेवला आणि ह्याच हातानं पाजली. सून बोलली म्हणून पोर वाचला माझा.” आईने हात धुतले, पदराला पुसले. “रिक्षात तोच बसलाय काय?”

कमळाकाकूने मान हलवली आणि तिथेच खाली बसून रडायला लागली.

“रडायला टाइम हाय नंतर. ऊठ.” मग आईने आत वळून हाक मारली. अकरा दिवसांच्या अबोल्यानंतर ती माझ्याशी कामापुरतं बोलत होती. या हाकेत काम होतं, पण आवाज जुना होता. “दिन्या! शर्ट घाल. ह्यांना घेऊन डॉक्टरीणबाईंकडं जा. आणि तू गो कमळे, तिथं विचारलं की सरळ सांगायचं. किती पितो, कधीपासून पितो. लाजलीस तर पोर जाईल.”

रिक्षात सत्तावीस वर्षांचा एक म्हातारा बसला होता. डोळे पिवळे, गुडघे दोन काठ्यांसारखे. मी त्याच्या शेजारी बसलो. त्याची आई पुढे रिक्षावाल्याच्या बाजूला कशीबशी टेकली. चौलचा फाटा मागे पडला. मग तो रस्त्याकडेच बघत हळूच म्हणाला, “दादा, मी ते पत्रक वाचलं होतं तुमचं.”

“मग?”

“सोडताना लय त्रास होतो काय?”

“होतो,” मी म्हटलं. “पहिले आठ दिवस लय. मग भूक लागते.”